न मळलेला सदरा

गेल्या महिन्यात माझं जुनं वॉशिंग मशीन अखेर बंद पडलं. दोन टबांचं होतं. एकात धुवायचं, मग हाताने उचलून दुसऱ्यात पिळायला टाकायचं. सोळा वर्षं चाललं. शेवटची दोन वर्षं पिळताना ते असं थडथडायचं की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारायचे, काय चाललंय. दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, याचे पार्ट आता मिळत नाहीत." मला राग आला. माझेही पार्ट मिळत नाहीत, म्हणून मला कुणी भंगारात काढलेलं नाही. पण त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नव्हता आणि चादरी साठल्या होत्या.

नवं आलं ते पुढून काचेचं गोल दार असलेलं. बसवायला आलेल्या माणसाने मला बटणं समजावून सांगितली, दोनदा, हळू आवाजात, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं. मग म्हणाला, "आत टाकायचं आणि विसरून जायचं. कॉलर घासायची नाही, बाह्या बघायच्या नाहीत. काही बघायचंच काम नाही." तो गेल्यावर मी स्टूल ओढून त्या दारासमोर बसले आणि पहिलं धुणं संपेपर्यंत बघत राहिले. बघायचं नाही म्हटलं की मी बघते, हा माझा जुना स्वभाव. बघता बघता मनात आलं, काही न बघणारं असं एखादं यंत्र मला नेवाशाला असताना मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

नेवाशाला मी एकाहत्तर साली मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा पुण्याला एका कचेरीत कारकून होता. ठरलं होतं असं की मी नोकरी धरायची, तो एक शनिवार सोडून एका शनिवारी येईल आणि वर्षभरात एकीकडे बदली करून घेऊ. तो दोनदा आला. तिसऱ्या वेळी पत्र आलं. 'तू तिकडेच राहा, नोकरी सोडू नकोस, माझं काय ते मागाहून कळवतो.' मागाहून त्याने काही कळवलं नाही. मी चार पत्रं टाकली, मग टाकायची थांबले. दुसऱ्या खेपेला येताना तो एक पिशवी घेऊन आला होता, ती तशीच राहिली. तिच्यात दोन सदरे होते, एक पांढऱ्या पॉपलीनचा आणि एक निळ्या चौकड्यांचा, आणि एक पायजमा.

आता अडचण अशी की खोली मी नवऱ्याच्या नावावर घेतली होती. त्या काळी एकट्या बाईला खोली कुणी देत नसे. घरमालक मळ्यात राहायचा, महिन्याच्या एक तारखेला सायकलवर भाडं न्यायला यायचा. खोली देतानाच त्याने बजावलं होतं, "घरातलं मानूस येत-जात असलं पायजे. नुसत्या बाईला आमी ठेवीत न्हाई." मी म्हटलं होतं, येतात की. म्हटलं तेव्हा ते खरं होतं. दोन महिन्यांनी ते खोटं झालं, पण खोली तीच होती, गल्लीही तीच होती आणि माहेरी भावाच्या संसारात परत जायचं तर मेलेलं बरं, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

मग मी त्याला मुक्कामी गाडीने आणायला लागले. म्हणजे तोंडाने. नेवाशाला पुण्याहून एक एसटी रात्री मुक्कामाला यायची आणि पहाटे परत निघायची. शनिवारी गल्ली झोपलेली असते तेव्हा तो येतो आणि सोमवारी गल्ली उठायच्या आत जातो. दिवसभर झोपून असतात, फार थकतात, असंही मी सांगत असे. पण नुसतं सांगून भागत नाही, काहीतरी दिसावं लागतं. म्हणून एक रविवार सोडून एका रविवारी मी ट्रंकेतून एक सदरा काढायची, बुचकळायची आणि अंगणातल्या दोरीवर माझ्या साड्यांच्या मधोमध वाळत घालायची. समोरच्या काकू ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या असायच्या. त्यांचं लक्ष सुपाकडे कमी आणि माझ्या दोरीकडे जास्त. दोरीवर सदरा दिसला की विचारायच्या, "आलेत वाटतं?" मी 'हो' म्हणायची आणि आत येऊन एकटीपुरता भात टाकायची.

सोमवारी परटीण यायची. पन्नाशीची, उंच, हाताच्या बोटांची टोकं सोड्याने कायमची पांढरी पडलेली. गल्लीतल्या बऱ्याच घरांचे इस्त्रीचे कपडे तिच्याकडेच असत. प्रत्येक घराची एक खूण ठरलेली, ती बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्याला टोचायची. काकूंच्या घराला तीन ठिपके, माझ्या घराला एक आडवी रेघ. नदीला नेऊन धुवायची, तिचा नवरा भट्टी लावायचा, मग खळ, नीळ, कोळशाची इस्त्री, आणि शुक्रवारी घड्या परत. शाळेच्या साड्यांबरोबर मी तो सदराही द्यायची. बुचकळून वाळलेला सदरा पुन्हा परटिणीला द्यायचा म्हणजे शुद्ध मूर्खपणा, पण हे विनाइस्त्रीचा सदरा घालतात असं गल्लीला वाटलं असतं, तर मला ते चाललं नसतं. खोटं सांभाळायला लागलं की माणूस खऱ्यापेक्षा जास्त टापटीप होतो. ट्रंकेत कसर लागू नये म्हणून मी कडुनिंबाचा पाला घालत असे. सदऱ्यांना त्याचा कडवट वास यायचा.

असं वर्षभर चाललं. माझ्याशी रोज शंभर मुली बोलायच्या आणि संध्याकाळी कुलूप काढल्यापासून सकाळी कुलूप लावेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. काकूंच्या ओट्यावर मी कधी बसले नाही. बसलं की प्रश्न येतात. हळदीकुंकवालाही मी डोकं दुखतंय म्हणून जायची नाही. आज लोक म्हणतात, तेव्हा शेजार किती होता. असेल. मी तो दाराच्या फटीतून पाहिला.

बहात्तर साली पाऊस पडला नाही. आडाने तळ गाठला, टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या, शाळेत मुलींना खायला सुकडी वाटायचं काम आमच्याकडे आलं. प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू. परटिणीने वाळूत हातभर खोल झिरा खणला होता आणि त्यात झिरपलेलं पाणी वाटीने घागरीत भरत ती तास तास बसलेली असायची. तिने घरोघर सांगितलं, "जे मळलं आसंल तेवडंच द्या. उगा देऊ नगा."

खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि मी कुणीही न घातलेला सदरा धुवायला देणार. मला लाज वाटत होती, हे मी आज सांगते म्हणून नव्हे, तेव्हाही वाटत होती. पण एक खेप चुकवली तर काकू विचारतील, दुसरी चुकवली तर घरमालकाच्या कानावर जाईल. अंगणात बुचकळायचं मी बंद केलं, आणि गाठोड्यात साड्यांच्या खाली घडी घालून सदरा ठेवून दिला. शुक्रवारी इस्त्रीची घडी परत येताना काकूंना दिसली की पुरे होतं.

शुक्रवारी कपडे परत आले. रात्री सदरा ट्रंकेत ठेवताना खिशात काहीतरी लागलं. कडुनिंबाचं पान होतं. वाळलेलं, अख्खं, इस्त्रीने सपाट झालेलं. मी ते हातात धरून उभी राहिले. सदऱ्याला पाणी लागलंच नव्हतं. वरून चार थेंब शिंपडून नुसती इस्त्री फिरवली होती.

म्हणजे तिला कळलं होतं. आता ती सांगेल. परटीण घरोघर जाते, प्रत्येक ओट्यावर टेकते, प्रत्येक घराचं आतलं तिच्या गाठोड्यात असतं. त्या पंधरवड्यात मला जेवण गेलं नाही. वर्गात पाढे म्हणून घेताना मी मधेच थांबायची आणि मुली पुढे म्हणत राहायच्या.

मग मी अक्कल चालवली. पुढच्या खेपेला चौकड्यांचा सदरा घेतला, केसांना लावायचं खोबरेल बोटावर घेतलं, उंबऱ्यावरची माती त्यात कालवली आणि कॉलरवर चोळली. बराच वेळ चोळली. लांबून, जवळून बघितली. मला वाटलं, आता बायकोसुद्धा फसेल. मग लक्षात आलं की बायको मीच.

सोमवारी परटीण आली. एरवी ती उंबऱ्याबाहेरूनच गाठोडं न्यायची. त्या दिवशी आत येऊन बसली आणि दार थोडं लोटून घेतलं. गाठोडं सोडलं, सदरा बाहेर काढला.

"बाई, ह्यो कुनी घातला हुता?"

"यांनीच. शनिवारी आले होते."

तिने कॉलर उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. "कॉलर आतनं मळती, बाई. मानंला घासती ती बाजू. ही भायेरनं मळली हाय." मग तिने बाही वर केली. "आन् गडीमानसाचा सदरा आदी काखंत मळतो. ही काख बघा. वरीस झालं, मी ह्या काखंला साबन लावलेला न्हाई."

"मग धूत का होतात, मावशी?"

"तुमी देत हुता म्हनून. औंदा पानी न्हाई, म्हनून नुसती इस्त्री फिरवली. रागावू नगा."

मी रडले. आवाज न करता रडायची मला तोवर चांगली सवय झाली होती, पण समोर कुणी बसलेलं असताना रडायची नव्हती, त्यामुळे ते फार वेडंवाकडं झालं. ती उठली नाही, पाठीवरून हातबित काही फिरवला नाही, नुसती बसून राहिली. माझं आवरल्यावर तिने सदरा गाठोड्यात टाकला. "ह्ये त्याल निघायला दोन घागरी जात्याल," ती म्हणाली. "परत असलं करू नगा."

पुढच्या एक तारखेला घरमालक आला. काकूंना ओट्यावरून बोलावून त्याने माझ्या दारात उभं केलं. म्हणाला, "बाई, तुमच्या मालकांना आजपातुर कुनी बगितलं न्हाई. ह्या काकू समूरच राहत्यात, त्यांनी बी न्हाई." काकू खाली बघत होत्या. तो दिवस शुक्रवार होता, एवढंच माझं नशीब. परटीण घड्या घेऊन गल्लीत शिरली होती. ती सरळ आली आणि माझ्या साड्या माझ्या हातात देत घरमालकाला म्हणाली, "मी बगते की त्यांचे कपडे. नदीला पानी न्हाई आन् ह्यांच्या साहेबांच्या सदऱ्याला दोन दोन घागरी लागत्यात. त्यांना सांगा वाईच कमी मळवा म्हनून." असं म्हणून तिने काकूंच्या घड्या काकूंना दिल्या आणि निघून गेली. घरमालक भाडं घेऊन गेला. परटिणीने कपडे पाहिलेत म्हटल्यावर त्यावर बोलायला काही उरत नव्हतं.

सोमवारी ती म्हणाली, "आता खरंच मळवाया पायजे. त्या काकू कॉलर बगत्यात. आमच्या कारभाऱ्यांना देते दोन दिस घालाया."

परटाने गिऱ्हाइकाचे कपडे अंगावर घातले म्हणून गावोगाव भांडणं होतात. त्याने ते घालावेत म्हणून आपण होऊन देणारी मी बहुधा एकटीच. शुक्रवारी साड्यांच्या आत लपवून ती मळलेला सदरा आणून द्यायची आणि सोमवारी काकूंच्या देखत, वरच ठेवून, परत न्यायची. काकूंनी पहिल्याच खेपेला कॉलर पाहिली आणि म्हणाल्या, "एसटीत फार धूळ लागते, नाही?" आमचं जमलं होतं.

शुक्रवार ते सोमवार तो सदरा माझ्या खोलीत खुंटीला असायचा. त्याला घामाचा, विडीचा, भट्टीच्या धुराचा वास यायचा. मला तो आवडायचा नाही. तरी मी तो ट्रंकेत टाकत नसे, खुंटीलाच ठेवायची आणि त्या बाजूला तोंड करून जेवायची. हे लिहायला मला आजही बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

तिसऱ्या खेपेची गोष्ट. बुधवार होता. सुकडी वाटून, भांडी मोजून मी शाळेतून निघाले. स्टँडवरून येणाऱ्या रस्त्याला लागले तर पुढे शंभर पावलांवर एक माणूस चाललेला. पाठमोरा. अंगात निळ्या चौकड्यांचा सदरा, आणि डाव्या खांद्याच्या शिवणीवर काळा टाका. तो टाका मी घातलेला होता, लग्नानंतर पहिल्या महिन्यात, निळा दोरा घरात नव्हता म्हणून.

मला सगळं माहीत होतं. सदरा सोमवारी मीच माझ्या हाताने दिला होता. पण पाय निघाले. पदर सावरत, हातातली पिशवी आपटत, भर रस्त्यात, शाळेतल्या दोन मुलींच्या देखत मी धावले आणि "अहो" म्हणून हाक मारली. तो शब्द वर्षभरात माझ्या तोंडातून निघाला नव्हता.

परीट वळला. मला बघून तो इतका गडबडला की तिथेच गुंड्या सोडायला लागला. "बाई, कारभारीन म्हनली म्हनून घातला. आत्ता काडून देतो."

"नको," मी म्हटलं. "राहू द्या. तुमच्याच अंगावर राहू द्या."

घरी येऊन मी बराच वेळ चपला न काढता बसले. वर्षभर मी स्वतःला सांगत होते की हे सगळं खोलीसाठी चाललंय. पाय काही खोलीसाठी धावले नव्हते. मी त्याची वाट बघत होते, इतकं सगळं कळूनही बघत होते, आणि गल्लीला फसवायला म्हणून जो सदरा दर खेपेला काढत होते त्याने सगळ्यात जास्त मलाच फसवलं होतं. माझी मलाच कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला. मग मी ट्रंक उघडून पांढरा सदरा आणि पायजमा काढला आणि शुक्रवारी परटीण आली तेव्हा तिच्या हातात ठेवला. तिने ते आपल्या वेगळ्या गाठीत बांधून घेतलं.

एक तारखेला घरमालक सायकल टेकवतो न टेकवतो तोच मी सांगून टाकलं. माझा नवरा येत नाही. एक वर्ष उलटून गेलं. येणारही नाही. परटिणीला यातलं काही माहीत नव्हतं, मी कॉलरला तेल-माती लावून तिलाही फसवलं. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. काकू समोर सूप घेऊन बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही.

घरमालक वाईट माणूस नव्हता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, "मला बी लेकी हायेत, बाई. पर लोक मला इचारत्यात. म्हैनाभरात बगा दुसरीकडं." मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्याने अर्धं पिऊन उरलेलं माझ्या घागरीशेजारी जपून ठेवलं. मला खोली जायची भीती होती, ती गेली, आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. सुटका झाली म्हणून नव्हे. थकले होते.

शाळेमागे एका विधवा बाईंच्या घराची पडवी होती. त्यांनी विचारलं, कोण कोण असतं. मी म्हटलं, मी असते. त्यांनी मला वरखाली पाहिलं, वेळ घेतला आणि किल्ली दिली. पडवीला खिडकी नव्हती. सामान न्यायला दोन फेऱ्या पुरल्या.

पहिल्या सोमवारी परटीण विचारत विचारत तिथे आली. मी कपडे तिच्यापुढे ठेवले. शाळेच्या दोन साड्या, दोन परकर, एक चादर.

"एवडंच?" ती म्हणाली.

"एवढंच, मावशी."

तिने एक साडी उचलली, पदराचा काठ उजेडाकडे नेला. त्याला खडूची पूड होती, सुकडीचं तेल होतं, आतल्या बाजूला घामाची पिवळी रेघ होती. तिने ती रेघ बोटाने चाचपून पाहिली.

"हां," ती म्हणाली. "ही धुवाया पायजे." आणि गाठोडं बांधायला लागली.